लव्हेंडरचं रोप आणि ज्योतिबाचा दवणा

तिसरं रोपही गेलं. मागच्या श्रावणात आठ दिवस झड लागली, त्यात खालची पानं आधी काळी पडली, मग अख्खी काडी मऊ झाली. कुंडी रिकामी करताना मुळं हातात आली ती शिजलेल्या भाजीसारखी. अंगण झाडायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, त्येला आपलं पानी मानवंना. कशाला जीव टांगनीला लावतासा?"

तर मंडळी, हे रोप लव्हेंडरचं होतं. वारणानगरसारख्या ठिकाणी, जिथे चारी बाजूंना ऊस आणि पावसाळ्यात नदी कधी रस्त्यावर येईल याचा नेम नाही, तिथे एका निवृत्त शिक्षिकेने लव्हेंडर लावण्याचा हट्ट का धरावा, हे नात्यातल्या बऱ्याच जणांनी विचारून झालं आहे. आज एकदाच सगळं लिहून टाकते. मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, त्यामुळे सवयीप्रमाणे गोष्ट जरा लांबून सुरू होईल. सांभाळून घ्या.

२०१२ च्या जुलैत आम्ही दोघं मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. एका रविवारी जावईबापूंनी लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात लव्हेंडरचं शेत बघायला नेलं. उसाच्या सऱ्या असतात तशाच सरळ ओळी, पण गुडघ्याएवढ्या आणि जांभळ्या. वर मधमाश्यांचा एकसारखा आवाज. आमच्या ह्यांनी सगळा जन्म उसाच्या शेतीत घालवला. ते शेतात शिरले ते फुलं बघायला नाही, खाली वाकून माती बघायला. पांढुरके खडे हातात घेऊन म्हणाले, "चुनखडी आहे. पाणी टाकलं की खाली पळणार. आपल्याकडे हे येणार नाही." मी म्हटलं, "बघू." ते 'बघू' आज इथवर आलं आहे.

तिथेच कळलं की लंडनजवळचं मिचम हे गाव एकेकाळी लव्हेंडरसाठी प्रसिद्ध होतं. पॉटर अँड मूर नावाच्या मंडळींनी १७४९ मध्ये तिथे अर्क काढायला सुरुवात केली. पुढे शहर वाढत गेलं, शेतांवर घरं आली, आणि लव्हेंडर उरलं ते रस्त्यांच्या नावांत. आपल्याकडे नाही का, आंबराई नावाच्या कॉलनीत आंब्याचं एक झाड नसतं!

लव्हेंडर हे नाव लॅटिनमधल्या 'धुणे' या अर्थाच्या शब्दावरून आलं असं सर्वसाधारणपणे मानतात. युरोपातल्या बायका धुतलेले कपडे या झुडपांवर वाळत घालत, फुलांच्या पुरचुंड्या कपाटात ठेवत, म्हणजे कसर लागत नाही. हे वाचलं तेव्हा मला माझ्या आईची पत्र्याची ट्रंक आठवली. तिच्यात शालूच्या घडीत केवड्याचं पान असायचं, कोपऱ्यात वेखंड आणि वाळ्याची जुडी. ट्रंक उघडली की आम्ही पोरं डोकं आत घालायचो. म्हणजे गरज तीच, कपडे जपायची. ज्याच्या त्याच्या रानात जे उगवलं ते त्याने ट्रंकेत ठेवलं.

आपल्या घरांत लव्हेंडर शिरलं ते झाड म्हणून नव्हे, डब्यातून. यार्डले ही लंडनची कंपनी १७७० पासूनची, तिचं लव्हेंडर १८७३ पासूनचं. लहानपणी आमच्याकडे कुणा मामाने मुंबईहून आणलेला पावडरीचा डबा होता. पावडर संपली तरी आईने तो फेकला नाही, त्यात सुया-दोरे ठेवले, आणि सुयांनाही वर्षभर तो वास येत राहिला. त्या यार्डलेचा आपल्याकडचा व्यवसाय २००९ मध्ये विप्रोकडे आला. आता साडीच्या दुकानात 'लव्हेंडर कलर दाखवा' म्हणतात. म्हणणाऱ्या दहाजणींत एकीने तरी ते झाड पाहिलं असेल का, शंकाच आहे.

पण डब्याच्याही कितीतरी आधी हे कुळ आपल्या देशात दुसऱ्या वाटेने आलं होतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ काही बेटं आहेत, त्यांना जुन्या काळी स्टोइकाडीज म्हणत. तिथे उगवणाऱ्या एका लव्हेंडरला पहिल्या शतकातल्या डायस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने 'स्टोइकास' म्हटलं. अरब हकिमांनी हे औषध उचललं, तेव्हा त्यांच्या तोंडी नाव झालं 'उस्तुखुद्दूस'. याच नावाने ते युनानी वैद्यकाबरोबर हिंदुस्थानात आलं आणि आजही युनानी औषधांत वापरतात. 'स्टोइकास'चं 'उस्तुखुद्दूस'! नावं अशी प्रवासात झिजतात आणि फुगतात. मराठी शिकवणाऱ्या बाईला यापेक्षा गोड काय असणार?

आता खरी गंमत सांगते. मला वाटत होतं की लव्हेंडर म्हणजे अस्सल विलायती, आपल्या मातीशी त्याचा काही संबंध नाही. पहिलं रोप मेल्यावर ते का मेलं हे शोधायला बसले, आणि भलतंच सापडलं. लव्हेंडरच्या चाळीसच्या वर जाती आहेत. त्यांचा पसारा अटलांटिक महासागरातल्या बेटांपासून सुरू होतो आणि पूर्वेकडे संपतो तो आपल्या भारतात. आपल्या सह्याद्रीत त्या कुळातली झाडं आपोआप उगवतात!

त्यांपैकी एकीचं शास्त्रीय नाव 'लॅव्हेंड्युला गिब्सोनाय'. हा गिब्सन कोण? अलेक्झांडर गिब्सन, स्कॉटलंडचा डॉक्टर. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचत हिंडणारा माणूस, पुढे १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षकही तोच. कोकणातली झाडं तुटून नद्या गाळाने भरताहेत, असं त्याने त्या काळात सरकारला बजावलं होतं. आणि त्याचं नाव या झाडाला दिलं जॉन ग्रॅहमने. हा तर पोस्ट खात्यातला अधिकारी! नोकरी सांभाळून मुंबई आणि आसपासच्या झाडांची यादी करत बसला. पुस्तक छापून होत असतानाच, १८३९ मध्ये, खंडाळ्याला वारला. वय पस्तिशीच्या आत. उरलेलं काम त्याच्या मित्राने पुरं केलं. ती यादी आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते. मी चष्मा पुसून पुसून ते पान वाचलं.

त्याच दापोडीच्या बागेत १८४७ ते १८५० च्या दरम्यान गिब्सनने एका चित्रकाराकडून झाडांची सुरेख चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणालाच माहीत नाही. वर्गात मी मुलांना नेहमी सांगायचे की इतिहासात ज्याचं नाव नाही त्यालाही हात होते. तेव्हा या चित्रकाराची गोष्ट मला ठाऊक असती तर फार उपयोगी पडली असती.

सह्याद्रीतलं दुसरं लव्हेंडर त्याहून साधं. मराठीत त्याला घोडेघुई म्हणतात. पानं शेपूसारखी चिरलेली, फुलांचा तुरा फिकट निळसर. पावसाळा सरला की डोंगरउतारावर, मुरमाड जागी ते दिसतं. एका कार्तिकात भाच्याने गाडी काढली आणि मला पन्हाळ्याच्या बाजूला घेऊन गेला. तासभर शोधल्यावर रस्त्याच्या कडेला, गवतात, वीत-दीड वीत उंचीची ती काडी सापडली. मी पान चुरगाळून नाकाशी नेलं. खरं सांगू? इंग्लंडच्या शेतातला तो वास नव्हताच. किंचित उग्र, रानटी, क्षणात नाहीसा होणारा. भाचा म्हणाला, "मावशी, यासाठी एवढं डिझेल जाळलं?" मी हसले, पण मनातून मला बरं वाटलं. जन्मभर या डोंगराखाली राहिले, या रस्त्याने सहली नेल्या, पोरांकडून पन्हाळ्याचा इतिहास घोकून घेतला, आणि पायाखालच्या झाडाचं नाव सत्तरी गाठताना कळलं.

मग जे रोप इथे मरतं ते का मरतं? ह्यांनी त्या शेतात वाकून सांगितलं होतं तेच. अत्तराचं खरं लव्हेंडर भूमध्य समुद्राजवळच्या डोंगरांतलं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा खडखडीत. आपल्याकडे नेमकं उलटं. ज्या महिन्यांत त्याला कोरडं ऊन हवं, त्याच महिन्यांत आपण त्याला चार महिने भिजवतो. त्यात आमची नदीकाठची काळी माती, एकदा ओली झाली की सोडता सोडत नाही. उसाला ती अमृत, लव्हेंडरला विष. भारतात ते उत्तम आलं आहे ते जम्मूकडच्या भद्रवाहच्या थंड डोंगरांत. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेने रोपं आणि अर्क काढायची यंत्रं पुरवली, मक्याच्या जागी लोकांनी लव्हेंडर लावलं, आणि २०२२ मध्ये तिथे लव्हेंडरचा उत्सवही भरला. पेपरवाले त्याला जांभळी क्रांती म्हणतात. आपले शाहू महाराज असते तर त्यांनी पन्हाळ्यावर एखादा वाफा नक्की करून पाहिला असता. त्यांनी नाही का संस्थानच्या डोंगरात चहा-कॉफीची लागवड करून पाहिली!

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, बाई, सगळं कळूनही मग चौथी कुंडी कशाला भरलीत? ते सांगायचं म्हणजे आता दवण्याकडे वळावं लागेल. आणि तो भाग मला लिहायला जरा जड जातो आहे.

दवणा आमच्या भागात कुणाला सांगायला नको. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर ज्योतिबाची यात्रा भरते, सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर गुलाबी होतो, 'चांगभलं'चा गजर होतो, आणि देवाला वाहिला जातो तो दवणा. यात्रेहून आलेल्या माणसाच्या खिशात, टोपीत, पिशवीत दवण्याची काडी असते. वाळली तरी महिनाभर वास जात नाही. चैत्रात देवाला दवणा वाहण्याची रीत जुन्या धर्मग्रंथांत 'दमनकारोपण' या नावाने आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तिची नोंद घेतली आहे. दमनक हा मूळ शब्द. 'ग्राम'चं गाव झालं, 'नाम'चं नाव झालं, तसा दमनकचा दवणा झाला. पंचतंत्रातल्या कोल्ह्याचं नावही दमनकच, हे सांगितलं की वर्गात हमखास हशा पिकायचा.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने लव्हेंडर हे तुळशीच्या कुळातलं. मरवा, सब्जा, पुदिना ही त्याचीच भावंडं. दवणा मात्र शेवंती-झेंडूच्या कुळातला. नातं नाही, पण दोघांचा स्वभाव एक. राखाडी हिरवी बारीक पानं, ऊन हवं, पाणी बेताचं, चुरगाळलं की घर भरून टाकणारा वास. दवण्याच्या तेलाला परदेशी अत्तरवाल्यांकडे मोठी मागणी आहे आणि ते जातं प्रामुख्याने आपल्या दक्षिण भारतातून. म्हणजे आम्ही त्यांच्या लव्हेंडरसाठी जीव टाकतो आणि ते आमच्या दवण्यासाठी!

माझ्या सासूबाई माघातल्या रविवारी ज्योतिबाच्या खेट्यांना चालत जायच्या. त्यांनी आणलेल्या बियांचा दवणा आमच्या अंगणात वर्षानुवर्षं होता. तुळशीच्या अलीकडे, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, हातभर वाफा. दिवाळी झाली की त्या राखेत मिसळून बी फेकायच्या, वरून हाताने पाणी शिंपडायच्या. पौषापर्यंत तो वीतभर व्हायचा, फाल्गुनात पिवळी बोंडं यायची. काढणीच्या वेळी चार काड्या बियांसाठी राखायच्या, हे काम माझ्याकडे होतं. दवण्याचं जुनं बी उगवत नाही, दरवर्षी नवं धरावं लागतं. सासूबाई गेल्या, त्यानंतरही काही वर्षं मी ते नेमाने केलं.

२००३ मध्ये मुलाने मोटारसायकल घेतली. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो म्हणून आम्ही शहाबादी फरशी घालून घेतली. फरशी मीच घालायला लावली. गवंड्याने विचारलं होतं, "बाई, हा कोपरा ठेवू का?" मला दहावीचे पेपर तपासायचे होते, मी म्हटलं, "सगळं सपाट करून टाका, झाडायला बरं." त्या वर्षी बी पेरलं नाही. पुढच्या वर्षी डबीतलं बी कुंडीत टाकलं, ते उगवलं नाही. मग दवणा यात्रेत विकत मिळतोच की, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

२०१६ च्या हिवाळ्यात हे अंथरुणाला खिळले. रात्र रात्र झोप नसे. मुलीने इंग्लंडहून लव्हेंडरच्या तेलाची बाटली पाठवली, उशीवर दोन थेंब टाकायला. तिकडे झोपेसाठी ते वापरतात. फ्रान्समधल्या गात्फोसे नावाच्या रसायनतज्ज्ञाने या वासाच्या उपचाराला १९३७ मध्ये 'अरोमाथेरपी' हे नाव दिलं, वगैरे सगळं तिने मला फोनवर समजावलं. बिचारीला इतक्या लांबून दुसरं काय करता येणार होतं? मी रोज रात्री थेंब टाकायची. एका रात्री हे म्हणाले, "वास चांगला आहे. त्या शेताची आठवण होते." थोड्या वेळाने म्हणाले, "आपला दवणा कुठे गेला गं? न्हाणीच्या भिंतीजवळचा?"

मी म्हटलं, "चैत्रात ज्योतिबाहून आणू." ते "बरं" म्हणाले. पौष होता तो. वाफा असता तर दवणा वीतभर असताच, उठून चार पावलांवरून काडी आणून हातात देता आली असती. चैत्र त्यांनी पाहिला नाही.

फार मोठी गोष्ट नाही, मला कळतं. दवण्याने काही आजार बरा झाला नसता. पण माणसाने मागितलेली शेवटची साधी वस्तू आपल्याच अंगणात असायला हवी होती आणि आपल्याच हाताने आपण ती बुजवली, हे आठ-नऊ वर्षं झाली तरी मनातून जात नाही. म्हणून बहुधा मी इतकी वर्षं लव्हेंडरच्या मागे लागले. त्या बाटलीतला वास म्हणजे मला त्यांच्या आजारपणाच्या रात्री वाटायच्या. वाटायचं, ते झाड जिवंत, फुललेलं असं दारात पाहिलं तर तो वास पुन्हा त्या जुलैतल्या शेताचा होईल.

असो. गेल्या दिवाळीआधी गवंडी बोलावला आणि न्हाणीच्या भिंतीजवळच्या चार फरश्या उखडायला लावल्या. खालची माती वीस वर्षांत दगड झाली होती. ती खणून, मुरूम आणि शेणखत घालून, कार्तिकात दवणा पेरला. बी चैत्रातल्या यात्रेत एका दवणेवाल्या आजींकडून मागून आणलं होतं. पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "देवाचं बी इकत न्हाई बाई, उगवलं तर चार काड्या वाहा." उगवलं! पौषात अगदी वीतभर. पहिली काडी ह्यांच्या फोटोपुढे ठेवली. बाकी काही बोलायचं नाही.

आणि लव्हेंडरची चौथी कुंडीही आहे. या वेळी दातेरी पानांची जात आणली, ती उकाडा जरा जास्त सोसते म्हणतात. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी तीन रोपांच्या मरणातून शिकलेलं सांगते. चकचकीत कुंडी नको, साधी मातीची घ्या. एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचा चुरा, वर चिमूटभर चुन्याची फक्की. खताचे लाड नकोत, नाहीतर पानंच माजतात. वरची दोन बोटं माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही. फुलं गेली की वरचे कोवळे शेंडे छाटायचे, पण खालच्या लाकडासारख्या काडीला कात्री लावायची नाही, तिथून पुन्हा फुटत नाही. आणि मृग लागायच्या आत कुंडी पागोळ्या लागणार नाहीत अशी वळचणीला न्यायची, सकाळचं ऊन मिळेल अशी. माघात तिला तीन तुरे आले होते. बारीक, फिकट. वास पान चोळल्याशिवाय येत नाही. पण आले.

उन्हाळ्यात नात आली होती. तिने तिकडची लव्हेंडरची शेतं पाहिलेली, त्यामुळे माझ्या तीन तुऱ्यांचं तिला काही विशेष वाटलं नाही. मग तिला वाफ्यापाशी नेलं, वाळलेली दवण्याची काडी हातावर चोळून दिली. तिने दोनदा वास घेतला आणि म्हणाली, "आजी, ही आजोबांच्या कपाटाची स्मेल आहे." ते कपाट आम्ही उघडून पाहिलं. त्यांच्या जुन्या लोकरी कोटाच्या खिशात, कागदाच्या पुडीत, कधीकाळच्या यात्रेतल्या काड्यांचा नुसता भुगा उरला होता. त्यांनी ठेवलेला. मला माहीतही नव्हता.

या वेळी काढणीत मी मुद्दाम दहा-बारा काड्या बियांसाठी राखल्या. बी कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवलं आहे. जवळच्या कुणाला हवं असेल तर दिवाळीच्या आत घेऊन जा, त्यानंतर उशीर होतो. आणि घरी फरशी घालायची असेल तर एक कोपरा ठेवा.